पानवाल्यापासून तिसरं दुकान

मंगळवारी सकाळी दहा वाजता रत्नमाला सोनवणेने आईला सांगितलं की ती लायब्ररीत चालली आहे, आणि अकरा वाजता ती जयपूरच्या जौहरी बाजाराजवळच्या एका धर्मशाळेत हिरवा घागरा घालून उभी होती.

तिच्याबरोबर द्वारका आणि यमुना होत्या. तिघींचे वडील रेल्वेत, तिघी एकाच रेल्वे कॉलनीतल्या आणि एकाच कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. द्वारका उंच होती आणि खो-खोच्या संघात होती. यमुनाला खोटं बोलता येत नसे. त्यामुळे घरी काय सांगायचं हे नेहमी रत्नमाला ठरवायची.

गोष्ट १९८३ सालची. मुंबईहून एका चित्रपटाची मंडळी जयपूरला आली होती. चित्रपटात तीन मैत्रिणी घुंघट घेऊन जवाहिऱ्याच्या दुकानातून पिशवी पळवतात असा प्रसंग होता. पण तिन्ही नट्यांना ऊन लागलं होतं आणि त्या हॉटेलातून बाहेर यायला तयार नव्हत्या. चित्रपटाचा मॅनेजर पंडित त्यांच्या जागी पळायला मुली शोधत होता. आदल्या दिवशी कचोरीच्या दुकानात त्याच्या कानावर या तिघींचं मराठी पडलं, आणि परक्या गावात मराठी बोलणारा माणूस फसवणार नाही असं दोन्ही बाजूंना एकाच वेळी वाटलं.

"चेहरा दिसणार नाही हो, ताई," पंडित म्हणाला होता. "नुसतं पळायचं."

चेहरा दिसणार नाही हे रत्नमालाला महत्त्वाचं होतं. तिचे वडील भीमराव मालगाडीवर गार्ड होते. कॉलनीतली एक मुलगी मागच्या वर्षी शूटिंग बघायला गेली, तेव्हा तिचं कॉलेज बंद करण्याचा सल्ला भीमरावांनीच तिच्या वडिलांना दिला होता, आणि त्यांनी तो मानला होता. रत्नमालाला एम.ए. करायचं होतं. पण तिला एकदा, आयुष्यात एकदाच, सिनेमातही यायचं होतं.

"कॅमेरा समोरच्या बंद टेम्पोत लपवलाय," पंडितने समजावलं. "बाजारात कोणाला काही माहीत नाही, म्हणजे सगळं खरं वाटेल. पानवाल्यापासून तिसरं दुकान. आत आपला माणूस सेठ होऊन बसलाय. गादीवरची पिशवी उचलायची, 'सेठजी, राम राम' म्हणायचं आणि पळायचं."

तिघी निघाल्या. पानवाल्यापाशी आल्यावर प्रश्न निघाला.

"पानवाला धरून तिसरं, का सोडून?" यमुनाने विचारलं.

"पानवाल्याचं दुकानच आहे ना? मतलब ते पहिलं," द्वारका म्हणाली.

हे तिघींनाही पटलं. त्या पानवाला धरून तिसऱ्या दुकानात शिरल्या.

आत एक लठ्ठ सेठ टेलिफोनवर हळू आवाजात बोलत बसला होता. गादीवर खाकी पिशवी होती. सेठने त्यांच्याकडे पाहून न पाहिल्यासारखं केलं. रत्नमालाला त्याचा अभिनय फार आवडला. द्वारकाने पिशवी उचलली. ती अपेक्षेपेक्षा जड होती.

"सेठजी, राम राम," ती म्हणाली, आणि तिघी पळाल्या.

सेठने रिसीव्हर टाकला आणि अनवाणी त्यांच्यामागे धावत सुटला. त्याने 'चोर, चोर' असं ओरडायला हवं होतं. तो ओरडला नाही. एक शब्दही न काढता तो इतक्या मन लावून पळत होता की बाजारात कोणी वळूनही बघितलं नाही. टेम्पोतला दिग्दर्शक मात्र शेजारच्या दुकानाच्या दारावर कॅमेरा रोखून वाट बघत राहिला.

द्वारका चांगली पळाली. रत्नमालाही बरी पळाली. यमुनाचा पाय घागऱ्यात अडकला आणि ती वाहतुकीच्या शिपायासमोर पडली. शिपाई भला माणूस होता. त्याने तिला उठवलं आणि इतकी घाई कसली म्हणून विचारलं.

"हम चोरी करके भाग रहे हैं," यमुनाने सांगितलं.

शिपायाला या उत्तराची सवय नव्हती. त्याने तेच पुन्हा विचारलं आणि तेच उत्तर मिळालं. मग बाकीच्या दोघी परत आल्या, कारण यमुनाला सोडून जाणं बरं दिसलं नसतं. शिपाई तिघींना पिशवीसकट जवळच्या चौकीत घेऊन गेला.

चौकीत इन्स्पेक्टर शेखावत चहा पीत होते. रत्नमालाने घुंघटाआडून शूटिंगचं सगळं सांगितलं. तेवढ्यात सेठ धापा टाकत दारात आला.

"ये थैली आपकी है?" शेखावतांनी विचारलं.

सेठने पिशवीकडे पाहिलं, मग शेखावतांकडे पाहिलं. "नहीं साहब. पहली बार देख रहा हूँ."

"तो नंगे पाँव दौड़ क्यों रहे थे?"

"सैर को निकला था, साहब."

साडेअकरा वाजले होते आणि ऊन मी म्हणत होतं. शेखावतांनी चहा बाजूला ठेवला आणि पिशवी उघडली. वर मूगडाळीचे पापड होते. पापडांखाली फडकं होतं. फडक्यात सोन्याची बिस्किटं होती, आणि त्यांच्यावर परदेशी शिक्के होते.

शिपायाने एक बिस्किट उचलून हातात तोलून पाहिलं.

"हे सिनेमातलं सोनं नाही," द्वारका कुजबुजली.

"आपण पानवाला मोजायला नको होता," यमुना म्हणाली.

रत्नमालाला पुढचं सगळं दिसू लागलं. आता नाव विचारतील, पत्ता विचारतील, मग वडिलांना बोलावतील. एम.ए. तर गेलंच, बी.ए.सुद्धा राहत नव्हतं. तेवढ्यात दारात पंडित दिसला. तो मुलींना शोधतच आला होता. तिचा जीव भांड्यात पडला.

"हे आमचे मॅनेजर. यांना विचारा," ती घाईत मराठीतच म्हणाली.

पंडितने मुली पाहिल्या. मग टेबलावरची बिस्किटं पाहिली. "मैं तो माचिस माँगने आया था," तो म्हणाला आणि माचिस न घेताच गेला.

शेखावतांनी सगळ्या गोष्टींचा शांतपणे विचार केला. ज्याचा हा तस्करीचा माल असावा तो आपला नाही म्हणत होता. ज्यांच्या हातात माल सापडला त्यांनी स्वतःहून शिपायाला गाठलं होतं. घुंघट होता. शूटिंग कुठेच नव्हतं. त्यांनी सेठला बसवून घेतलं, कस्टमच्या साहेबांना फोन लावला आणि मग उठून तिघींसमोर उभे राहिले.

"बेटी, मुखबिरी बड़ी हिम्मत का काम है," ते हळूच म्हणाले. खबर देणारीचं नाव कागदावर येणार नाही, असं वचनही त्यांनी दिलं. "और ये फिल्म वाली बात अच्छी है. सबको यही कहना."

यमुना काहीतरी बोलणार होती. रत्नमालाने तिच्या पायावर पाय दिला.

शेखावतांनी तिघींना जीपने कॉलनीत सोडलं. घागऱ्यांतल्या तीन मुली पोलिसांच्या जीपमधून उतरताना कॉलनीने दारात येऊन पाहिल्या. भीमराव ड्यूटीवरून नुकतेच आले होते आणि बनियनवर ओट्यावर उभे होते. शेखावत त्यांना बाजूला घेऊन कानात काही बोलले. भीमरावांची पाठ हळूहळू ताठ झाली. जाताना शेखावतांनी त्यांना सलाम केला. पोलिसाने त्यांना सलाम करण्याची ती पहिलीच वेळ होती. भीमरावांनी बनियनवरच उलट सलाम केला.

त्या दिवसापासून घर बदललं. रत्नमाला कुठे जाते हे भीमराव विचारेनात. ती बोलायला लागली की ते रेडिओचा आवाज कमी करत. एका संध्याकाळी तर त्यांनी तिच्यासाठी आग्र्याहून पेठा आणला आणि म्हणाले, "पोरी, तू एम.ए. काय, पुढचंही शिक. तुझ्यासारख्या पोरी पाहिजेत देशाला."

रत्नमालाने पेठा तसाच डब्यात ठेवून दिला. वडील रागावले असते तर ते तिने सोसलं असतं. हा मान तिला सोसवत नव्हता. आठव्या दिवशी ती त्यांच्यासमोर जाऊन बसली.

"बाबा, मला खरं सांगायचंय. मी खबरी-बिबरी नाही. आम्ही सिनेमात काम करायला गेलो होतो. दुकान चुकलं. मी तुमच्याशी खोटं बोलले."

भीमरावांनी उठून दार लोटून घेतलं.

"असंच म्हणायचं," ते दबक्या आवाजात म्हणाले. "शेखावतसाहेब बोलले होते मला, ती सिनेमाचंच सांगेल म्हणून. पण बापालाही तेच सांगशील असं नव्हतं वाटलं. शाबास."

"पण बाबा, खरंच—"

"बस. मला नाही ऐकायचं. मला माहीत नसलेलं बरं."

त्यांचे डोळे भरून आले होते. ते तोंड फिरवून बाहेर गेले आणि शेजारच्या पंढरीनाथांना, म्हणजे यमुनाच्या वडिलांना, मोठ्याने सांगू लागले की हो, पोरी सिनेमात काम करायलाच गेल्या होत्या, दुसरं काही नाही. पंढरीनाथांनी गंभीरपणे मान हलवली; खबरीची गोष्ट भीमरावांनी कधीच त्यांच्या कानात सांगितली होती. यमुनाने त्यांनाही पहिल्याच दिवशी सगळं खरं सांगितलं होतं, त्यामुळे तिलाही गुपित राखता येतं याचं त्यांना मोठं कौतुक वाटत होतं.

रत्नमाला तिथेच बसून राहिली. स्वयंपाकघराच्या दारात तिची आई अनुसया उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. हातातलं पीठ पुसत ती जवळ आली, लेकीच्या शेजारी बसली आणि बाहेर कोणी ऐकत नाही ना हे पाहून तिने विचारलं,

"हिरो होता का गं तिथे?"