बुवा गायला लागायच्या आत

आमच्या खालच्या मजल्यावरचे आहेरकाका रोज दुपारी चार वाजता एकच रेकॉर्ड लावतात. तंबोरा सुरू होतो. पंधरा-वीस सेकंद तो नुसता वाजत राहतो, आणि माझ्या गॅलरीतल्या उन्हालाही जरा झापड आल्यासारखी वाटते. मग बुवा खाकरतात, आता सूर लावणार, तेवढ्यात काका सुई उचलतात आणि पुन्हा पहिल्यापासून लावतात. गेली नऊ वर्षं त्यांनी त्या बुवांना तोंड उघडू दिलेलं नाही.

इथे राहायला आलो तेव्हा मला वाटलं, मशीन बिघडलं असेल. ओळखीचा एक मेकॅनिक आहे म्हणून सांगायला गेलो, तर काका म्हणाले, "मशीन बरं हे. बुवा आला का मजा गेली."

काका मूळचे देवळ्याचे. सगळी नोकरी लासलगावच्या मार्केट यार्डात, कांद्याच्या लिलावात गेली. आवाज तिथेच बसला तो बसलाच. "माल बघू आधी" हे त्यांचं पालुपद. दूधवाला असो, डॉक्टर असो, भाचीला सांगून आलेलं स्थळ असो, माल आधी बघायचा. रेकॉर्डही ते कांद्यासारखीच पारखतात. उन्हात तिरपी धरतात, कडेवरून अंगठा फिरवतात, वास घेतात. दुकानदार कव्हर दाखवायला लागला की म्हणतात, "वरची पत्ती सगळ्यांचीच चांगली असते."

बरं, घ्यायची ती रेकॉर्डही प्रत्येक वेळी तीच. कारण रोज सुरुवातच वाजवल्यामुळे सुरुवातच झिजते. त्यांच्या कपाटात त्याच रेकॉर्डच्या सहा प्रती आहेत. सगळ्या आतून काळ्याभोर, कोऱ्या करकरीत, फक्त कडेच्या रेघा पांढऱ्या पडलेल्या. कोणीतरी भाकरीची नुसती कड कुरतडून ठेवावी तशा. बुवा फार नावाजलेले नव्हते, त्यामुळे ती रेकॉर्ड पुन्हा कुणी काढली नाही. एके काळी ती मेन रोडवरच्या एका दुकानात सवलतीच्या ढिगात पडलेली असे. पुढे ते दुकान चपलांचं झालं. नाशिकरोडचं मोबाईलचं झालं. उरला गंगाघाटावरचा बुधवारचा बाजार, आणि भद्रकालीतले रफीकभाई, तेही आता मुख्यतः मिक्सर दुरुस्त करतात. या दोन ठिकाणी काकांना स्कूटरवर मागे बसवून नेणं हे माझं काम. का, ते मला कुणी विचारलं नाही आणि मीही स्वतःला विचारलं नाही.

ती रेकॉर्ड मोबाईलवर सापडत नव्हती. मी म्हटलं, तुमच्याच मशीनवरून मोबाईलमध्ये भरून देतो. त्यांनी एकदा ऐकून पाहिलं आणि परत दिलं. "ह्याच्यात तंबोऱ्याचा डास होतोय."

मग या उन्हाळ्यात सहावी प्रतही खरखरायला लागली. त्या दिवशी खाली गेलो तेव्हा काका मशीनपुढे सुई उचलून धरून बसले होते.

"तो तंबोरा अक्काचा हे," ते म्हणाले.

अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. आई लवकर गेली, तिनेच यांना वाढवलं. नाशकात शाळेत शिकवायची, आणि शाळा सुटली की या बुवांकडे गाणं शिकायला जायची. बारा वर्षं गेली.

"बारा वर्षं, आन् एकदाबी पुढं बसवलं नाय तिला. तंबोरा धर म्हणे. कव्हरवर नावबी नाय. ती गेल्यावर तिच्या ट्रंकेत साड्यांखाली ही रेकॉर्ड सापडली. जिती असताना रेकॉर्डचं विचारलं का म्हणायची, मी नुसती मागं बसले होते." त्यांनी सुई जागेवर ठेवली. "मग मी त्याचं गाणं कशाला ऐकू? आता हा तंबोरा गेला, का ती गेलीच."

इतकी वर्षं मी याला विक्षिप्तपणा म्हणत हसत आलो होतो, त्याची लाज वाटली.

आठवड्याभरात रफीकभाईंचा फोन आला. दुकान बंद करतोय, माळ्यावर तुमची ती रेकॉर्ड निघालीय. आम्ही गेलो. कव्हर अगदी नवं होतं. काकांनी रेकॉर्ड बाहेर काढली आणि अंगठा कडेवर थांबला. कडेचा चंद्रकोरीसारखा टवका उडाला होता. नेमकी सुरुवातच गेली होती.

काकांनी घासाघीस केली नाही. "नको," एवढंच म्हणाले.

"अहो काका, आगे का माल एकदम साफ आहे. ऐका तरी," म्हणत रफीकभाईंनी सुई टवक्याच्या आत ठेवलीसुद्धा. बुवा भर गाण्यात होते. काका पाठ फिरवून दाराशी चप्पल शोधू लागले. बुवा वर चढले, षड्जावर टेकले आणि श्वासाला थांबले. आणि मागून एका बाईचा आवाज आला. बारीक, सरळ, न हलणारा. बुवांनी सोडलेला सूर तिने दोन-तीन सेकंद धरून ठेवला आणि पुन्हा त्यांच्या हवाली केला.

काका एका पायात चप्पल घालून उभे होते.

"तंबोरेवाले पीछे से सूर देतात ना," रफीकभाई सहज म्हणाले. "उस्ताद दमला की."

"परत लाव," काका म्हणाले.

त्या बाजूवर तो आवाज तीनदा येतो. आम्ही तीनही ऐकले, मग पुन्हा ऐकले. रफीकभाईंनी मिक्सर बाजूला ठेवून चहा मागवला.

परतताना पुलावर काका मागून म्हणाले, "घरात सहा हायत. सगळ्या मधून कोऱ्या." मग म्हणाले, "बुवानं बारा वर्षं गप्प बसवलं तिला. आन् नऊ वर्षं मी." मी स्कूटर हळू केली, कारण मला समोरचं नीट दिसत नव्हतं.

हल्ली चार वाजता बुवा अख्खे गातात. तीन जागी काका हात वर करतात, लिलाव सुरू होताना गलका थांबवायला करायचे तसा, आणि मी गॅलरीत हातातला कप खाली ठेवतो.

काल न राहवून विचारलं, "काका, बुवा कसे वाटले?"

"बरा गातो," काका म्हणाले. "मागं अक्का हे म्हणून."