महेबूबचाचांची पक्की खोली

आमचे महेबूबचाचा भज्यांच्या कागदाला इस्त्री करायचे. खोटं सांगत नाही. भजी खाऊन झाली की तेलकट कागद टेबलावर पसरायचा, वर एक कोरं फडकं टाकायचं, कोळशाची इस्त्री एकदा फिरवायची आणि मग चष्मा लावून ती महिन्यापूर्वीची बातमी चवीनं वाचायची. मी एकदा म्हटलं, "चाचा, आमच्याकडचा ताजा पेपर नेत जा की."

"नगं वैनी. ताज्या बातमीनं जिवाला घोर लागतो. शिळी बरी. जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं."

लातुरात क्लासेसची लाट आली तसे आम्हीही घरावर मजले चढवले आणि मुलींचं होस्टेल काढलं. फाटकाजवळच्या पत्र्याच्या शेडमध्ये चाचा त्याच्याही आधीपासून इस्त्री करत होते, तिथंच राहत होते. औशाकडचे, एकटे, एवढंच मला ठाऊक. संसार म्हणजे दोन सदरे, एक ताटली आणि ती इस्त्री. पण माणूस इतका खूश, की कधी कधी माझं डोकंच फिरायचं! नळाला आठ दिवसांनी पाणी आलं तरी "बादशाही!" माझं वरण पातळ झालं तरी "बादशाही, वैनी! प्यायला बी येतं."

हदगावची एक पोरगी टेस्टमध्ये मार्क कमी पडले म्हणून फाटकाशी रडत उभी होती. चाचांनी विचारलं, किती पडले? ती म्हणाली, सातशेवीसात तीनशे.

"तीनशे? एवढं सगळं तुला येतं?" चाचा खरोखर थक्क झाले होते. पोरगी रडता रडता हसली. तिचा बाप तासभर फोनवर समजूत घालत होता, त्यानं काही झालं नव्हतं.

पुढं पोरींच्या स्कूट्या वाढल्या आणि शेड पाडायची वेळ आली. मी काही दगडाच्या काळजाची नाही. मागच्या बाजूला चाचांसाठी पक्की खोली बांधून घेतली. स्लॅब, फरशी, पंखा, लोखंडी कॉट. दाखवताना माझाच ऊर भरून आला होता. चाचांनी पंख्याचं बटण तीनदा दाबून बघितलं. "बादशाही! लई बादशाही!"

महिन्याभरानं ते कोळसा आणायला गेले असताना मी पडदा लावायला खोलीत गेले. कॉटवर पहिल्या दिवशी मीच अंथरलेली चादर, एक सुरकुती नाही. पोरींना विचारलं तर म्हणाल्या, "काकू, चाचा तर रोज फाटकाच्या ओट्यावरच झोपतात."

माझं टाळकंच सरकलं. चाचा आले तशी मी सुरू झाले. "खोली नको होती तर तोंडानं सांगायचं! लोक म्हणतील, म्हाताऱ्याला बाहेर काढलं."

"तुम्ही एवढ्या हौसेनं दाखवत होत्या. न्हाई कसं म्हणू?"

"ते काही नाही. बाहेर डास केवढे! गुमान आत झोपा."

चाचांनी कोळशाचं पोतं खाली ठेवलं.

"मी बी हेच म्हणलो होतो," ते म्हणाले. "आमच्या बीबीला. मी अंगणात बाजेवर होतो. ती बी बाहेरच अंथरत होती. म्हणलो, डास लई हाईत, तू आत झोप. पहाटं भूकंप झाला. माळवद, माती, दगड, सगळं खाली आलं." मग पोत्याचं तोंड आवळत म्हणाले, "तवापासून डोक्यावर जड छत असलं की डोळा लागत न्हाई, वैनी. पत्र्याखाली लागतो."

मी स्वयंपाकघरात जाऊन पोटभर रडले. एवढी वर्षं हा माणूस माझ्या फाटकात, आणि मी त्याला कधी धड विचारलंही नाही, याची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी वेल्डर बोलावला. फाटकाजवळ माप घेता घेता तो म्हणाला, "ताई, मागं चांगली पक्की खोली हाय की. म्हाताऱ्याला तिकडं ठेवा, इथं स्कूट्या लागतील."

"स्कूट्या खोलीत जातील," मी म्हटलं. "तुझ्याकडं सगळ्यात हलका पत्रा कोणता आहे, तो टाक."