चिंतोपंत भेकर आणि दौलतरावांची यादी

एका जंगलात सगळ्यांना प्रोग्रामिंग येत होतं. म्हणजे येतं, असं सगळे म्हणत होते. तुमच्या-आमच्याकडे असतं तसंच, बाळांनो, त्यात वेगळं काही नाही.

माकडं पायथन शिकली होती, कारण ते म्हणे सोपं असतं. रानडुकरं जावा लिहायची. त्यात लिहावं फार लागतं, पण डुकरं कष्टाळू. घुबडाला एक फार जुनी भाषा येत होती. ती दुसऱ्या कोणालाच येत नसल्यामुळे घुबडाला फार मान होता.

जंगलाच्या मध्यावर अर्जुनाचं झाड होतं आणि त्याला एक फळा टांगलेला होता. ज्याचा प्रोग्राम अडेल, त्याने फळ्यापाशी येऊन विचारायचं. तिथे नियम एकच. फळ्यापाशी कोणी कोणाला खायचं नाही.

उत्तरं द्यायला चिंतोपंत बसायचे. चिंतोपंत म्हणजे भेकर. अंगाने लहानसं हरीण, पण भुंकलं तर दोन डोंगर पलीकडे ऐकू जातं. त्यांना सगळ्या भाषांतलं थोडं थोडं यायचं. त्यांच्या युक्त्या फळ्यावर लिहिलेल्या असायच्या. 'लाल अक्षरांत चूक दाखवली की घाबरून खिडकी बंद करू नका, आधी ती वाचा.' 'कशालाही क्ष असं नाव देऊ नका, महिन्याने तुमचं तुम्हालाच कळणार नाही.' 'बदल करण्याआधी एक प्रत जपून ठेवा.' युक्त्या खरोखरच चांगल्या होत्या.

आता त्यांच्या स्वतःच्या प्रोग्रामात क्ष, क्षक्ष आणि नवाक्ष अशी नावं होती, ही गोष्ट वेगळी. घरातलं गवत किती दिवस पुरेल हे सांगणारा तो प्रोग्राम त्यांनी लग्नाआधी लिहायला घेतला होता. तो अजून पुरा व्हायचा होता. तोवर यमुनाबाई, म्हणजे त्यांची बायको, गवताकडे बघूनच सांगायच्या. आम्हा युक्त्या सांगणाऱ्यांचं असंच असतं. स्वतःचं काम काढलं की आम्हाला नेमकं दुसऱ्याचं आठवतं.

चिंतोपंतांना एक खोड होती. चूक दिसली की सांगितल्याशिवाय त्यांना राहवत नसे. लग्नपत्रिकेतली चूक ते नवरदेवाला मांडवात दाखवत. त्यामुळे त्यांना बोलावणी कमी यायची.

एके दिवशी फळ्यापाशी दौलतराव आले. दौलतराव म्हणजे बिबट्या. माकडं सरसर वर गेली. साळिंदर काटे फुलवून बाजूला झाला. चिंतोपंतांनाही उठायचं होतं, पण पायांनी ऐकलं नाही.

"बसा, मास्तर, बसा," दौलतराव म्हणाले. "नियम ठाऊक आहे मला. अडचण घेऊन आलोय."

त्यांनी लॅपटॉप उघडून समोर ठेवला.

"आज काय खायचं, हे ठरवण्यात माझी सकाळ जायची. म्हणून दहा नावांची यादी केली. जास्त आवडीचं वर, कमी आवडीचं खाली. प्रोग्राम मनाला येईल तो आकडा काढतो आणि त्या नंबरचं नाव सांगतो. तो सांगेल तेच खायचं, दुसऱ्याला तोंड लावायचं नाही, असा माझा नेम आहे. पण कधीकधी नावच येत नाही, लाल अक्षरं येतात. त्या दिवशी उपास घडतो हो."

चिंतोपंतांनी यादीकडे पाहिलं. सगळ्यात वर 'भेकर' लिहिलेलं होतं.

मग त्यांनी यादीखालची, आकडा काढणारी ओळ पाहिली, आणि त्यांना चूक दिसली.

बाळांनो, आता जरा लक्ष द्या, हे पुढे उपयोगी पडेल. आपण मोजतो एकपासून. पण पायथन असो, जावा असो की सी असो, यादीतल्या पहिल्या नावाचा नंबर असतो शून्य. दुसऱ्याचा एक. दहा नावं असली तर शेवटच्याचा नऊ. दौलतराव मात्र एक ते दहा असे आकडे काढत होते. दहा निघाला की त्या नंबरला नावच नसायचं, म्हणून लाल अक्षरं. आणि शून्य तर कधी निघायचंच नाही.

चिंतोपंतांच्या अंगावर काटा आला. आपण चपळ आहोत म्हणून जगलो, असं त्यांना इतकी वर्षं वाटत होतं. खरं म्हणजे दौलतरावांना मोजता येत नव्हतं म्हणून ते जगले होते.

पण डोकं ठिकाणावर होतं. "दहाच्या जागी नऊ लिहा," ते म्हणाले.

दौलतरावांनी नऊ लिहिलं. प्रोग्राम पुन्हा पुन्हा चालवला. लाल अक्षरं गेली, दर वेळी काही ना काही नाव आलं. भेकर मात्र आलं नाही, ते येणारच नव्हतं.

"वा, मास्तर. उपास टळले." दौलतरावांनी लॅपटॉप मिटला, नमस्कार केला आणि निघाले.

"एवढंच होय?" साळिंदर माकडांना म्हणाला. "हे तर मीसुद्धा सांगितलं असतं."

 दौलतराव करवंदीच्या जाळीपर्यंत पोहोचले. प्रोग्राम चालत होता, पण चुकीचा चालत होता, आणि तो तसाच राहणार होता. उद्या कोणी जाणत्याने तो उघडला, तर विचारेल, हे कोणी सांगितलं?  जीव प्यारा होता, बायको होती, पाडस होतं. सगळं आठवत होतं चिंतोपंतांना.

"दौलतराव," ते म्हणाले, "जरा थांबा."

दौलतराव परत आले.

"ते उत्तर अर्धं होतं. शून्यापासून मोजायचं असतं. शून्य ते नऊ."

दौलतरावांनी बदल केला. प्रोग्राम चालवला. रानकोंबडा आला. पुन्हा चालवला. डुक्कर आलं. तिसऱ्या वेळी भेकर आलं.

"अरेच्चा," दौलतराव म्हणाले. "हे आजवर एकदाही आलं नव्हतं. मी नशिबाला दोष देत होतो." मग ते मायेने म्हणाले, "मास्तर, तुमच्यासारखा गुरू मिळायला भाग्य लागतं. आज नियम आहे. हे नाव आपण उद्यासाठी धरू."

घरी यमुनाबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"अहो, अर्धं सांगून झालं होतं ना? मग गप्प बसवलं नाही का?"

"अर्धं उत्तर माझ्या नावावर राहिलं असतं."

"आता पुरं उत्तर राहील. तुम्ही नाही राहणार."

 यमुनाबाईंनी पाडसाला उठवलं. ऊन उतरायच्या आत तिघं नदी ओलांडून पलीकडच्या रानात गेली.

इकडे दौलतरावांची पंचाईत झाली. ते नेमाचे पक्के. प्रोग्रामने भेकर सांगितलंय, तर भेकरच, ते मिळेपर्यंत दुसरं नाव काढायचं नाही. आणि भेकरांचं घर जंगलात ते एकच, आता एकही भेकर उरलं नव्हतं. काही दिवसांत त्यांच्या बरगड्या दिसायला लागल्या. पाणी प्यायला आलेल्या जनावरांना त्यांनी नदीकाठी गाठून विचारलं.

"मंडळी, कोणी सांगेल का? निघालेलं नाव जंगलातच नसेल, तर प्रोग्रामने काय करावं?"

पलीकडच्या झुडपात चिंतोपंतांचे कान उभे राहिले. यमुनाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं.

"अहो, नाही हं," त्या हळूच म्हणाल्या.

चिंतोपंतांनी मान डोलावली. खरंच त्यांनी तोंड घट्ट मिटलं होतं. दौलतराव उपाशी मेले असते, तर तिघं सुखाने घरी गेली असती. पण तेवढ्यात साळिंदर पुढे झाला.

"सोपं आहे," तो म्हणाला. "लॅपटॉप बंद करून परत चालू करा."

चिंतोपंतांनी घर सोडणं सोसलं होतं. परक्या रानातलं कडू गवत सोसलं होतं. हे मात्र त्यांना सोसलं नाही.

"अहो, नाही!" ते भुंकले, आणि दोन्ही काठांवर ऐकू गेलं. "नाव जंगलात आहे का, ते आधी तपासा. नसेल तर दुसरं काढा."



"बरोबर आहे," दौलतराव पलीकडून म्हणाले. "आधी तपासायचं." त्यांनी मान वर करून समोरचं झुडूप न्याहाळलं. "मास्तर, तुम्ही तिकडे आहात होय?"

आणि ते पाण्यात उतरले. बिबट्याला उत्तम पोहता येतं, बाळांनो.

तात्पर्य: अज्ञानाने घात होतो, असं तुम्हाला शाळेत शिकवतील. साळिंदर त्याच जंगलात सुखरूप आहे. हल्ली फळ्यापाशी तोच बसतो, सगळ्यांना लॅपटॉप बंद करून परत चालू करायला सांगतो, आणि बहुतेकांचं काम होतंही.