मामांच्या पोटावरचं वेळापत्रक

ज्याच्या आयुष्यात प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली असते, त्याच्या केसालाही कुठलं संकट धक्का लावू शकत नाही. हे तत्त्व सरांनी तेवीस वर्षं पाळलं होतं, वर्गात शिकवलं होतं आणि स्टाफरूममध्ये, कुणी विचारलेलं नसताना, समजावून सांगितलं होतं. रविवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी त्यांनी घरच्या कॉम्प्युटरवर 'आत्ताच बदला' हे बटण दाबलं. दुपारी एकपर्यंत तत्त्वही राहिलं नाही आणि जागाही राहिली नाही.

सर म्हणजे शाळेचे उपमुख्याध्यापक. त्यांच्याकडे तीन कामं होती. उशिरा येणाऱ्या मुलांना दारात अडवायचं, कॉम्प्युटर समितीचं अध्यक्षपद भूषवायचं आणि दरवर्षी शाळेचं वेळापत्रक तयार करायचं. पहिली दोन कुणीही केली असती. तिसरं मात्र त्यांचं राज्य होतं. बेचाळीस शिक्षक, सव्वीस तुकड्या, एक प्रयोगशाळा आणि एकच मैदान यांची मोट बांधायला त्यांना पाच आठवडे लागत. त्या पाच आठवड्यांत गणिताच्या बाई त्यांना आपणहून चहा आणून देत आणि शारीरिक शिक्षणाचे सर त्यांच्या स्कूटरच्या चाकातली हवा तपासत. शनिवारचा शेवटचा तास कुणाच्या माथी मारायचा, हे एकट्या सरांच्या हातात असे.

म्हणूनच फळ्यावर लागेपर्यंत वेळापत्रक कुणाच्या दृष्टीस पडू द्यायचं नाही, असा त्यांचा नियम होता. छापील प्रत नाही, मेल नाही, पेनड्राइव्ह नाही. एकानं पाहिलं की बेचाळीस जण बदल सुचवतात. शाळा उघडण्याच्या आदल्या दिवशी दुपारी ठीक चार वाजता ते मुख्याध्यापिका मॅडमकडे जाई, शिपाई ते टाचण्यांनी फळ्यावर लावी आणि मग भांडायला कुणाकडे वेळच उरत नसे.

यंदा मॅडम सुट्टीआधी सहज बोलावं तसं म्हणाल्या होत्या, "सर, हल्ली वेळापत्रक करणारं सॉफ्टवेअर मिळतं म्हणे. अर्ध्या तासात होतं. यंदा तुमचं वेळेवर आलं तर प्रश्नच नाही. नाहीतर पुढच्या वर्षी भूगोलाच्या सरांना सांगू. ते शिकून घेतायत."

भूगोलाचे सर एकतीस वर्षांचे होते आणि सगळंच शिकून घेत होते.

अशात कॉम्प्युटरच्या सिस्टीमची नवी आवृत्ती आली. साधीसुधी नव्हे, दहा वर्षांतली सगळ्यात मोठी. रोज सकाळी स्क्रीनच्या कोपऱ्यात पाटी येई: 'तुमचा डेस्कटॉप आता तुम्हाला ओळखेल.' समितीचे अध्यक्ष या नात्यानं सरांनी परिपत्रक काढलं की सर्व शिक्षकांनी शाळा सुरू होण्यापूर्वी हा बदल करून घ्यावा, घाबरू नये. त्यावर भूगोलाच्या सरांनी ग्रुपवर लगेच 'झालं' असं लिहून अंगठा टाकला. आता अध्यक्षांनीच मागं राहणं बरं दिसेना.

"अहो, आधी ते वेळापत्रक पाठवून टाका," बायको म्हणाली. "मग करा काय करायचं ते."

"चार म्हणजे चार. आत्ता पाठवलं तर पाच तास मिळतील त्यांना बदल सुचवायला."

बायको रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला होती. तिथं नाव न लिहिलेली बाटली थेट कचऱ्यात जाते. नवऱ्याचा कॉम्प्युटर तिनं एकदाच नीट पाहिला होता आणि त्यानंतर त्या खोलीत ती फक्त केर काढायला जाई.

त्याचं कारण होतं सरांची व्यवस्था. त्यांच्या स्क्रीनवर मेव्हणीच्या लग्नातला ग्रुप फोटो होता. तीन रांगा, सदतीस नातेवाईक. सरांच्या साऱ्या फाइली त्या नातेवाइकांच्या अंगाखांद्यावर ठेवलेल्या असत. रजेचे अर्ज आत्याबाईंच्या मांडीवर. सहलीच्या याद्या मागच्या रांगेतल्या उंच चुलतभावाच्या डोक्यावर. प्रश्नपत्रिका नवरदेवाच्या खिशाशी. आणि वेळापत्रक पुढच्या रांगेत खुर्चीवर बसलेल्या बायकोच्या मामांच्या पोटावर, कारण संपूर्ण फोटोत सगळ्यात ऐसपैस, पांढरी आणि सपाट जागा तीच होती. सर डोळे मिटून माउस फिरवत आणि हवी ती फाइल उघडत. लग्नाला सात वर्षं झाली, पण एकदाही चूक नाही.

बटण दाबलं. स्क्रीन काळी झाली आणि आकडे चढू लागले. त्रेसष्ट टक्क्यांवर कॉम्प्युटर थांबला, तो चढावर दम लागलेल्या म्हाताऱ्यासारखा चाळीस मिनिटं थांबूनच राहिला. सरांनी त्याला पाणी विचारायचंच काय ते बाकी ठेवलं. एक वाजायच्या सुमारास स्क्रीन उजळली.

सदतीसच्या सदतीस नातेवाईक गेले होते. त्यांच्या जागी एक तळं होतं. तळ्यात एक होडी होती आणि होडीत कुणीही नव्हतं. डाव्या कोपऱ्यात एक गठ्ठा होता आणि त्यावर लिहिलं होतं, 'दस्तऐवज, २१४'. खाली एक नम्र ओळ होती: 'तुमचा पसारा आम्ही आवरला आहे.'

सर बराच वेळ त्या होडीकडे पाहत बसले.

"काय झालं?" बायकोनं दारातून विचारलं.

"मामा गेले."

बायकोचा हात एकदम छातीवर गेला. "कधी? मला कुणी कळवलं कसं नाही?"

"तसे नाही गेले. स्क्रीनवरचे गेले."

तिनं आधी मामांकरता सुटकेचा श्वास सोडला आणि मग नवऱ्याकडं पाहिलं. "मग त्यात काय एवढं? नाव टाका फाइलचं, मिळेल."

"नाव कशाला असेल? जागा होती ना."

गठ्ठा उघडला. आत 'नवीन', 'नवीन १', 'नवीन २' असं करत दोनशे चौदा नवीन होते. कॉम्प्युटर फाइलला आपणहून जे नाव सुचवतो, ते सरांनी आजवर कधी नाकारलं नव्हतं.

"आता तू स्वयंपाकघरात मीठ शोधतेस, तेव्हा काय डब्यावरचं नाव वाचतेस?" सरांनी बचाव मांडला.

"वाचते," बायको म्हणाली.

नव्या सिस्टीमसोबत एक मदतनीस आला होता. 'मला काहीही विचारा,' असं तो म्हणत होता. सरांनी आधी 'वेळापत्रक' विचारून पाहिलं. तो नावांमध्ये शोधत होता, त्यामुळे काही सापडलं नाही. मग त्यांनी सविस्तर टाइप केलं, 'मामांच्या पोटावरची फाइल'. मदतनीसानं पोट कमी करण्याचे सात व्यायाम दाखवले.

मग सर एकेक फाइल उघडायला बसले. पण नव्या सिस्टीमची शिस्त अशी, की जी फाइल उघडावी ती यादीत सगळ्यात वर जाऊन बसे आणि बाकीच्या एकेक पायरी खाली सरकत. तासाभरानं सरांच्या लक्षात आलं की चौदा वर्षांपूर्वीच्या सहलीतल्या मुलांची यादी आपण सहाव्यांदा वाचतो आहोत आणि त्यातली अर्धी नावं आता पाठ झाली आहेत.

अडीच वाजता बायकोनं आपल्या भावाला फोन लावला. मेव्हणा विमा विकायचा. पण दुसऱ्यांच्या कॉम्प्युटरला हात लावायची त्याला भीती वाटत नसे, एवढ्या गुणावर घरात तो जाणकार गणला जाई.

"तारखेनं लावा भाऊजी. एका सेकंदाचं काम," आल्या आल्या तो म्हणाला.

तारखेनं लावलं. आवरताना सिस्टीमनं प्रत्येक फाइलवर आजचीच तारीख टाकली होती.

मेव्हणा खचला नाही. "मग तो फोटोच परत लावू. फोटो आला की फाइली आपापल्या जागी जातात. त्यांनाही सवय असते."

एरवी या वाक्यावर सरांनी त्याला वर्गाबाहेर उभं केलं असतं. आज मात्र त्यांनी मान डोलावली. पण फोटो आणायचा कुठून? तोही त्या दोनशे चौदांत कुठंतरी नवीन होऊन बसला होता. शेवटी मेव्हण्याला आठवलं की आईकडे दिवाणखान्यात तोच फोटो फ्रेम करून लावलेला आहे. दोन गल्ल्या पलीकडे जाऊन तो ती दाराएवढी फ्रेम पाठीवर घेऊन आला. मागोमाग सासूबाई आल्या. त्यांच्या घरातला फोटो एकटा कुठं जात नसे.

फ्रेम पलंगावर टेकवली. मेव्हण्यानं फोनवर तिचा फोटो काढला आणि स्क्रीनवर लावला. नातेवाईक परत आले. थोडे तिरके, काचेवर दिव्याचा गोळा आणि खालच्या रांगेत मेव्हण्याचा अंगठा. पण एकाच्याही अंगावर फाइल नव्हती. मामांचं पोट धुतल्यासारखं स्वच्छ होतं.

तेवढ्यात फोन वाजला. "सर, तीन वीस झालेत," मॅडम म्हणाल्या. "मी शाळेत येऊन बसलेय. शिपाई टाचण्या घेऊन उभा आहे."

"शेवटचा हात फिरवतोय मॅडम," सर म्हणाले. ते खोटं नव्हतं. तो हात ते कपाळावरून फिरवत होते.

"मग आता या फोटोचं करायचं काय?" बायकोनं विचारलं.

"थांब. बघून बघून आठवेल मला." सर फ्रेमपुढे गुडघे टेकून बसले आणि काचेवर बोट ठेवत गेले. "इथं रजेचे अर्ज. इथं प्रश्नपत्रिका. इथं..."

"जावईबापू," सासूबाई मागून म्हणाल्या, "माझ्यावर काय होतं?"

सरांनी काचेवरचं बोट काढून घेतलं.

"तुमच्यावर ना आई? तुमच्यावर आपलं ते... पालकांचं."

"पालकांचं काय?"

"तक्रारी."

"सगळ्या माझ्याच तोंडावर?"

"नाही नाही. काही खांद्यावर होत्या."

मेव्हणा मोठ्यानं हसला. ते सरांना मदतीचं वाटलं. मग त्यानं स्वतःला शोधलं. वरच्या रांगेत, अगदी डाव्या टोकाला. "आणि माझ्यावर, भाऊजी?"

सरांनी विषय बदलायचा प्रयत्न केला. पण मेव्हण्याला कॉम्प्युटरचं थोडंफार कळत असल्यामुळे घात झाला. स्क्रीनच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात काय असतं, हे त्याला आठवलं.

"कचरापेटी?" तो म्हणाला. "माझ्या तोंडावर कचरापेटी?"

"ती मी नाही ठेवली रे, ती सिस्टीमच ठेवते तिथं. तू उभा कशाला राहिलास त्या कोपऱ्यात?"

"सात वर्षं तुम्ही रोज माझ्या तोंडात कचरा टाकत होतात आणि वर मलाच विचारताय की उभा कशाला राहिलास? आई, उचल तो फोटो."

"उचलते. सदतीस जणांत तक्रारींना मीच सापडले यांना." सासूबाईंनी फ्रेमची एक बाजू धरली.

"आई, चार वाजेपर्यंत तरी राहू द्या," सर काकुळतीला आले. "माझी पाच आठवड्यांची मेहनत आहे हो. आज हे गेलं नाही तर पुढच्या वर्षी ते भूगोलाच्या सरांकडे जाईल. मग मी शाळेत काय करू? नुसता दारात उभा राहू?"

सासूबाईंनी फ्रेम खाली टेकवली. उचलून नेली नाही, पण सोडलीही नाही.

बायको इतका वेळ फोटोकडे पाहत होती. "आणि माझ्यावर काय होतं हो?"

"तुझ्यावर काहीच नाही." सर मऊ आवाजात म्हणाले. "तुझा चेहरा मी मोकळा ठेवला होता."

आयुष्यात त्यांनी इतकं बरं वाक्य क्वचितच उच्चारलं असेल. बायकोनं त्यावर विचार केला.

"म्हणजे कामाची म्हणून काही ठेवावी, अशी मी नव्हते."

तीन चाळीसला मॅडमचा पुन्हा फोन आला. या वेळी सर फक्त 'पाच मिनिटं' एवढंच म्हणू शकले. मग ते पलंगाच्या कडेवर, सासूबाई आणि फ्रेममधले मामा यांच्या मधोमध बसले आणि समोरच्या भिंतीकडे बघू लागले. मनातल्या मनात ते शाळेच्या दारात उभे होते. पाऊस, ऊन, थंडी. आत भूगोलाचे सर अर्ध्या तासात वेळापत्रक करत होते आणि गणिताच्या बाई त्यांना चहा नेऊन देत होत्या.

"उठा, सरका तिकडं," बायको म्हणाली.

ती कॉम्प्युटरपुढे बसली. लॅबमध्ये नावाची चिठ्ठी गळून पडलेली बाटली आली की ती फेकण्याआधी एकदा हातात तोलून बघतात, हे तिनं घरी कधी सांगितलं नव्हतं. "यातली सगळ्यात मोठी फाइल कुठली असेल?"

"बेचाळीस शिक्षक, सव्वीस तुकड्या, सहा दिवस," सर भिंतीला म्हणाले. "त्याहून मोठं शाळेत काही नाही."

तिनं यादी आकारानं लावली. पहिली फाइल उघडली, ती मेव्हणीच्या लग्नाचाच फोटो होता. सासूबाईंनी चष्मा लावून तो नीट पाहिला. दुसरी फाइल उघडली आणि स्क्रीनभर चौकटी पसरल्या. सोमवार, पहिला तास, आठवी अ, गणित.

'नवीन ३१' असं तिचं नाव होतं.

सरांनी हात जोडले. नेमके कुणाला, ते कुणाला कळलं नाही. मेव्हणाही राग विसरायच्या बेतात आला. बायकोनं आधी त्या फाइलला 'वेळापत्रक' असं नाव दिलं, मगच पाठवू दिली. चार वाजून बारा मिनिटं झाली होती. सरांनी मॅडमना फोन लावला.

"मॅडम, पाठवलंय. बारा मिनिटं उशीर झाला, मला मान्य आहे, पण..."

"काय पाठवलंय सर?"

"वेळापत्रक."

"अहो, ते लागलं की मघाशीच." मॅडम घाईत वाटत होत्या, मागं कुलपाचा आवाज येत होता. "शिपायाला घरी जायचं होतं. तुमचं काही येईना, म्हणून मी कपाटातलं मागच्या वर्षीचंच काढून लावलं. दोन शिक्षक बदललेत, त्यांची नावं पेनानं घातली. चार-पाच जण येऊन बघूनसुद्धा गेले."

"मग? काही म्हणाले?"

"गणिताच्या बाई म्हणाल्या, यंदा सरांनी बराच विचार केलेला दिसतोय. भूगोलाच्या सरांनी तर तुमचं फार कौतुक केलं. म्हणाले, हे सॉफ्टवेअरला जमलं नसतं. तेव्हा पुढच्या वर्षीही तुम्हीच करा, सर."

दुसऱ्या दिवशी शाळा वेळेवर भरली आणि बेचाळीसही शिक्षक आपापल्या वर्गात गेले.