तात्यांची तीन बोटं

आमच्या शेजारचे तात्या कुणाला रामराम घालत नसत. माणूस दिसला, की त्याच्या डोळ्यांपुढं तीन बोटं धरून विचारायचे, "किती?" तीन म्हटलं, की "जा, शाबूत हायेस" म्हणून सोडायचे. लग्न होऊन सणसरला आले, तेव्हा माप ओलांडायच्या आधी मला त्यांची बोटं मोजावी लागली.

तात्या पूर्वी पलटणीत बॉक्सिंग खेळायचे. म्हणजे कातडी मोजे चढवून एकमेकांची थोबाडं फोडायची, आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. त्यापायी नाक वाकडं, एक कान सुक्या अंजिरासारखा, आणि जबडा असा, की दुधात कुस्करल्याशिवाय भाकरी चाववत नसे.

गावात कुणी गाडीवरून पडो की चिंचेवरून, तात्या बोटं घेऊन हजर. बोटं कायम तीनच. त्यामुळं सगळं गाव न बघताच तीन म्हणायचं. मीसुद्धा चुलीपुढनं पाठमोरीच ओरडायचे, "तीन, तात्या."

एका वर्षी बावड्याच्या जत्रेत आमचे मालक कुस्तीत डोक्यावर आपटले. तरी उठले, अंगाची माती झटकली. इनामाच्या फेट्याची कुस्ती अजून व्हायची होती, आणि फेटा सोडून घरी येणारा तो माणूस नव्हता. आम्ही बायका लांब देवळाच्या ओट्यावरनं बघत होतो. तात्या आखाड्यात घुसले आणि बोटं धरली.

"तीन," मालक म्हणाले.

तात्यांनी दोनच धरली होती.

त्यांनी मालकांना ओढून बाहेर काढलं. मालकांनी शिव्या घातल्या. म्हातारा आपलीच बोटं विसरला म्हणून लोक हसले. दिवस मावळायच्या आत मालकांना उलट्या लागल्या. दोन दिवस मला ओळखलं नाही. बारामतीचा डॉक्टर म्हणाला, अजून एक आपटी बसती, तर माणूस गेला होता.

मालक उठून जेवायला लागले, तेव्हा मी तात्यांना विचारलं, त्या दिवशीच दोन का धरली? ते दुधात भाकरी कुस्करत म्हणाले,

"पलटणीत माझा दोस्त खेळताना असाच पडला व्हता. डाक्टरनं तीन बोटं धरली. त्याला दिसंना. लढत हातची जाऊ नये म्हणून मीच पाठीमागनं त्याच्या कानात सांगितलं, तीन. त्यो परत खेळाय गेला. मग उठलाच न्हाय. तुझ्या मालकालाबी तीन पाठच व्हतं, म्हून दोन धरली."

मालक पुढं चाळीस वर्षं जगले, सगळी माझ्याशी भांडण्यात. उपकार मानायची भाषा मला येत नाही. पण त्यानंतर तात्या दारात आले, की मी पिठाच्या हातांनी चुलीपुढनं उठायचे, समोर जायचे, आणि त्यांची बोटं एकेक करून मोजायचे.