एकच बटण

वीतरावांचा मेव्हणा इलेक्ट्रिशियन होता. निदान त्याच्या बहिणीचं तसं मत होतं, आणि ती बहीण वीतरावांची बायको असल्याने घरात दुसरं मत निघत नव्हतं. वीतराव कामाला होते त्या हरितगृहातल्या निळ्या दिव्यांचं बटण बिघडलं तेव्हा तिने चहा पुढ्यात आदळतानाच निकाल दिला, "बाहेरचा माणूस कशाला? घरात सोन्यासारखा पोरगा बसलाय."

पोरगा चाळिशीचा होता.

वीतराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. एकोणीस वर्षं ते कुंडीतली जिरेनियम वाढवत होते आणि रोज झाडाझाडाला अंगठा-करंगळी ताणून मापत होते. माल पाठवायच्या खोक्याची उंची एक वीत. झाड त्याहून वाढलं की खोक्यात मोडायचं. मागच्या हंगामात अर्धा माल मोडून परत आला होता. यंदा मालकाने स्वच्छ सांगितलं होतं, "झाडं खोक्यात बसली नाहीत, तर तुम्ही घरी बसा."

म्हणून तर निळे दिवे. निळ्या उजेडात झाड बुटकं आणि दणकट राहतं. वर आणखी एक रांग होती, काळपट लाल दिव्यांची, लांब दांड्याच्या फुलांसाठी. त्या उजेडात झाडाला वाटतं, शेजारचा आपल्या डोक्यावर चढला. मग ते जिवाच्या आकांताने वर पळतं. अगदी माणसासारखं. वीतरावांनी ती रांग तीन वर्षं बंद ठेवली होती. मेव्हण्याने दोन्ही तारा एकत्र जोडल्या.

"भाऊजी, आता एकच बटण. डोक्याला ताप नाही."

तो काळपट उजेड माणसाला जेमतेम दिसतो, निळ्याच्या झगझगाटात तर मुळीच नाही. झाडांना दिसला. चौथ्या दिवशी वीत कमी पडली. निळा उजेड कमी पडतोय असं समजून वीतरावांनी दिवे दोन तास जास्त ठेवले. झाडं चार बोटं वाढली. त्यांनी आणखी तीन तास वाढवले. झाडं दीड वीत झाली.

"तुमचा हात आखडला असेल," पाणी घालणारी बाई म्हणाली. "वयाने होतं."

त्यांनी पट्टी आणली. हात शाबूत होता. शेंड्यांना स्पर्श झाला की झाड दबून राहतं असं कुठेतरी ऐकलं होतं, म्हणून ते रोज झाडांवरून झाडू फिरवायला लागले.

"आता पावडरही लावा," बाई म्हणाली.

घरी बायको म्हणाली, "माझ्या भावाने एवढं जीव ओतून काम केलं, कौतुकाचा एक शब्द नाही तुमच्या तोंडात!"

नवव्या दिवशी मालकाचा फोन आला. "गिऱ्हाईक घेऊन पोचतोच आहे. दिवे चालू आहेत ना? फोटो पाठवा." वीतरावांनी मोबाईल वर धरला. पडद्यावर निळ्या दिव्यांच्या मधोमध एक गुलाबी रांग धगधगत होती. डोळ्याला न दिसणारा काळपट उजेड कॅमेऱ्याने पकडला होता. म्हणजे नऊ दिवस ते स्वतःच्या हाताने स्वतःच्या पोटावर पाय देत होते.

ते बटणाकडे धावेपर्यंत दार उघडलं. लांब माना काढलेली, काटकुळी हजार झाडं मालकाकडे कलून बघत होती.

"हे काय करून ठेवलंत?"

वीतरावांनी हात जोडले. "साहेब, शप्पथ, यात माझा काडीचा हात नाही! हे सगळं माझ्या मेव्हण्याने केलंय. मला यातलं काही कळतसुद्धा नाही!"

मागून आलेल्या गिऱ्हाईक बाईंनी एक कुंडी उचलली. "कसली डौलदार आहेत! बुटकी काय, कोपऱ्यावरही मिळतात. माझ्या हॉटेलच्या दाराशी हीच लावणार. अशी आणखी दोन हजार द्याल?"

मालकाचा चेहरा क्षणात पालटला. "हा मेव्हणा असतो कुठे?"

"घरीच असतो, साहेब."

"आणि तुम्हाला यातलं काही कळत नाही म्हणता?"



झाडं खोक्यात बसली नाहीत. वीतरावही घरी बसले नाहीत. वाकणाऱ्या झाडांना काठ्या बांधायला त्यांना ठेवून घेतलं. बसला तो मेव्हणा, त्यांच्याच खुर्चीत. पहिल्याच सकाळी पाय पसरून म्हणाला,

"भाऊजी, जरा ते बटण दाबा."