येते म्हणाली आणि आलीच नाही

थोरल्या नणंदेला जुळं झालं त्या वर्षी ही दोघं परदेशात राहायला गेली. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. बायकोला भाषा नवी, माणसं नवी, आणि राहायला मिळाली ती खोली घरमालकिणीच्या बरोबर डोक्यावर. मालकीण म्हातारी, एकटी. दोघं तिला आपसात खालची आजी म्हणत. आधीचा भाडेकरू तक्रारीमुळे गेला, एवढंच नवऱ्याच्या कानावर आलं होतं. तेव्हापासून बायको कपबशीसुद्धा श्वास रोखून खाली ठेवायची.

"हे घर गेलं तर कुठे जायचं हो?"

"म्हणून सांगतो, हळू चाल."

"हळूच चालते. आता काय तरंगू?"

एका सकाळी ती आजीची इस्त्री परत द्यायला खाली गेली. शिकलेली दोन-चार वाक्यं बोलून संपली. निघताना सवयीने "येते हं" म्हणाली, फक्त तिथल्या भाषेत. आणि वर येऊन दार लावून बसली.

आजीने दुसरा कप काढला. दार उघडं ठेवलं आणि खुर्ची जिन्याकडे वळवून वाट बघत बसली.

बायकोने कठड्यावरून डोकावलं आणि ती नवऱ्याकडे धावली.

"अहो, ती दार उघडं टाकून बसलीय. आपल्याच जिन्याकडे बघत."

"इस्त्री जळाली होती का?"

"नाही हो."

"मग तू काही बोललीस?"

"येते म्हणाले. चांगलंच बोलले की."

"थांब, कामावर जाता जाता अंदाज घेतो."

तो खाली उतरताच आजी किटली घेऊन उठली. त्याने नजर पायांवर ठेवली, जमेल तितक्या नम्रपणे "येतो" म्हणाला आणि जवळजवळ पळतच रस्त्याला लागला.

आजीने तिसरा कप काढला.

दुपार झाली तरी कुणी आलं नाही. शेवटी आजीने वर येऊन दार ठोठावलं. बायको न्हाणीघरात शिरली आणि तिने आतून कडी लावली. बाहेर आजीला कडीचा आवाज आला, उत्तर मात्र नाही. नवरा पळत गेलेला तिने डोळ्यांनी पाहिला होता. तिने पोलिसांना फोन केला.

न्हाणीघरातून बायकोने नवऱ्याला फोन केला. "अहो, पोलीस आलेत."

"कशाला?"

"मला काय विचारता? दार तोडतील ते."

"उघडू नकोस. निघालोच."

तो आला तो घामाघूम, हात काळे, हातात पाना तसाच. पोलिसांनी आधी पाना काढून घेतला.

"बायको कुठे आहे?"

"आत."

"दार का उघडत नाही?"

"घाबरते."

"कुणाला?"

"सगळ्यांना. मला सोडून."

पोलिसांनी एकमेकांकडे पाहिलं. नवरा न्हाणीघराच्या दाराशी गेला. त्याने हाक मारली, "अगं, उघड. मी आहे."

"एकटेच आहात?"

"नाही."

"मग नाही उघडत."

बऱ्याच विनवण्यांनंतर दार उघडलं. आजीने बायकोचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि कुठे लागलंय का ते वळवून वळवून पाहिलं.

नवऱ्याने सगळं समजावलं. "आमच्यात निघताना येते म्हणतात."

"जाते का नाही म्हणत?" पोलिसाने विचारलं.

"जाते म्हणजे..." नवऱ्याने बोट वर केलं.

पोलीस छताकडे बघत राहिला. "वर अजून मजला आहे?"

बायकोला रडू आवरेना. "त्यांना म्हणावं, घर सोडतो आम्ही. पण पोलिसांना परत पाठवा."

नवऱ्याने ते कसंबसं सांगितलं. आजी गोंधळली. "घर का सोडायचं?"

"आधीचे तक्रारीमुळे गेले ना?"

"तक्रार त्याची होती," आजी खाली मान घालून म्हणाली. "म्हणायचा, म्हातारी सारखी दार ठोठावते. तुम्हीही जाल म्हणून इतके दिवस मी वर आले नव्हते."

मग ती सगळ्यांना खाली घेऊन गेली. चहा पुन्हा ठेवला. पोलीसही बसले, पण पाना त्यांनी आपल्याच मांडीवर ठेवला.

त्याच घरात पुढे त्यांना मुलगी झाली. ती शाळेत जाऊ लागली त्या वर्षी, ऐन थंडीत, खालची आजी वारली. नवरा कामावर होता. बायको आजीच्या उशाशी होती. जाताना आजी तिला "येते हं" म्हणाली.